जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड घेताना: कॉम्प्रेशनचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो

तुमचा प्रश्न असा: बेलापूरजवळच्या दिवाळे गावात एक जुनं १५ एचपी, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं) मशीन विकाऊ आहे, मालक म्हणतो "दोन्हीकडे १२० कॉम्प्रेशन आहे, डोळे झाकून घ्या", आणि तुम्हाला मशीन न खोलता आतली हालत कळायला हवी आहे.

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब; १२० पीएसआय खरं असेल तर वाईट नाही. पण दादा, हा आकडा फक्त पिस्टनच्या वरच्या बाजूचा आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालचा भाग, म्हणजे क्रँककेससुद्धा पंपाचं काम करतो. तिथलं ऑइल सील किंवा रीड व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारी पातळ पत्त्यांची झडप) गेलेलं असलं तरी गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, १२० दाखवणारच. शिवाय खाडीत चाललेली मशीन पिस्टनच्या रिंगांआधी मिठाने आणि गाळाने मरतात, आणि तेही गेजवर दिसत नाही.

मालकाला आधीच सांगून ठेवा की मशीन थंड हवं. तुम्ही पोहोचाल तेव्हा हेड (सिलिंडरचं झाकण) हाताला गरम लागलं तर चहा घ्या आणि ते निवेपर्यंत थांबा. थंड मशीन चोक लावून दोरीच्या तीन-चार ओढींत उचलतं की नाही, हीच अर्धी परीक्षा. गरम करून ठेवलेलं मशीन पहिल्या ओढीत सुरू होतं आणि बरंच काही लपवतं.

सुरू करायच्या आधी स्पार्क प्लग काढून बघा. फिकट तपकिरी ते काळपट, किंचित तेलकट असेल तर ठीक. एकच प्लग ओला आणि दुसरा कोरडा असेल तर लगेच इंजिनाला दोष देऊ नका. त्या सिलिंडरला करंट येत नसेल किंवा फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जात असेल; दोन्ही किरकोळ कामं. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर राखाडी चमकदार बारीक ठिपके दिसले तर मात्र ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, तिथेच व्यवहार थांबवा. आणि प्लग अगदी कोरा-नवा असेल तर जुने कुठे आहेत ते विचारा.

आता कॉम्प्रेशन. बाजारात मिळणारे गेज बहुधा मोटरसायकलसाठीचे असतात आणि त्यांत दोन भानगडी आहेत. या मशीनना साधारण बी७एचएस जातीचा प्लग लागतो, त्याचा आटा १४ मिमीचा आणि लांबी फक्त १२.७ मिमी. गेजची नळी १९ मिमी लांब आट्याची असेल तर ती आत जास्त घुसते आणि पिस्टनला आपटू शकते. दुसरं, सिलिंडर जेमतेम सव्वाशे सीसीचा. गेजचा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला नसून वर डायलपाशी असेल तर नळीतली हवासुद्धा त्या सिलिंडरात धरली जाते आणि आकडा खूपच कमी येतो. म्हणून आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा: तोच गेज, तितक्याच ओढी.

मशीन पाण्यात ठेवून (ड्रमची पद्धत खाली दिली आहे) पाच मिनिटं चालवून कोमट करा, दोन्ही प्लग काढा, किल स्विचची दोरी काढून ठेवा आणि प्लगच्या वायरी ब्लॉकला टेकवून अर्थ करा. नाहीतर सीडीआय युनिट (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) उडायची भीती असते. थ्रॉटल पूर्ण उघडा. हे विसरलं की चांगलं मशीनही ८० दाखवतं. मग काटा वर चढायचा थांबेपर्यंत ओढा, साधारण पाच-सहा दमदार ओढी. ९० ते १३० च्या दरम्यान आणि फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर समाधान माना. फरक पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला तर कारण शोधायलाच हवं. दोन्ही सारखेच पण खूप कमी असतील तर आधी गेजवर आणि थ्रॉटलवर संशय घ्या, मग हेड पॅकिंगवर. आकडा १५० च्या पुढे गेला तरी खूश होऊ नका, आत कार्बन साचलाय किंवा हेड घासलंय. आणि हो, रॉकेलवर चालणारं मॉडेल असेल तर त्याचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं, त्याची तुलना पेट्रोलच्या मशीनशी करू नका.

प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचं, ही मोटरसायकलवाली युक्ती इथे फार भरवशाची नाही. आउटबोर्डचा सिलिंडर आडवा असतो, तेल खालच्या कडेला साचतं आणि रिंगच्या वरच्या अर्ध्या भागापर्यंत पोहोचतच नाही. तरीही, तुम्ही यायच्या आधी कोणी आत तेल मारून ठेवलं तर आकडा फुगतो. म्हणून आधी पाच मिनिटं चालवायचं.

खरं सांगायचं तर गेजपेक्षा मोबाइलला लागणारा साडेपाच मिमीचा छोटा कॅमेरा जास्त उपयोगी. प्लगच्या भोकातून आत सोडा, पिस्टन खाली नेऊन बोअरची, म्हणजे सिलिंडरची आतली, भिंत बघा. एक्झॉस्ट पोर्टच्या वर-खाली उभ्या रेघा असतील आणि त्या नखाला लागतील इतक्या खोल वाटत असतील तर लाइनर (ती आतली भिंत) घासला आहे. पिस्टनच्या डोक्यावर काळा-तपकिरी कार्बन असायलाच हवा. एका पिस्टनचं डोकं धुतल्यासारखं लख्ख असेल तर हेड पॅकिंगमधून पाणी आत येतंय. एक्झॉस्ट कव्हर काढलं तर रिंगा समोर दिसतात, लाकडी काडीने दाबून त्या परत उसळतात का ते बघता येतं. पण खाऱ्या पाण्यातल्या मशीनवरचे ते ६ मिमीचे बोल्ट सहज तुटतात. मालकाच्या अंगणात त्यांना हात लावू नका. ते काम घेतल्यानंतरचं, रात्रभर गंज सुटायचं तेल मारून आणि गरम करून.

क्रँककेससाठी तीन गोष्टी. मशीन चालू असताना कार्बोरेटरच्या तोंडासमोर पेट्रोलची फवार सतत उलटी येत असेल तर रीड नीट बसत नाही. कार्बोरेटर दोन नटांवर असतो, मालक तयार असेल तर काढून रीडच्या पत्त्या बघा. पत्ती किंचित उचललेली चालते. कोपरा तुटलेली असेल तर तो तुकडा कुठून गेला हा प्रश्न उरतो. फ्लायव्हीलखाली तेलाचा ओलावा म्हणजे वरचं सील. खालचं सील बाहेरून दिसत नाही, आणि जास्त धोक्याचं तेच. ते गेलं की खालच्या सिलिंडरात हवा, कधी पाणीही ओढलं जातं. त्याचा प्लग वरच्यापेक्षा पांढरट येतो, आणि आयडलिंग आपोआप वर-खाली होत राहतं. प्लग काढलेले असताना फ्लायव्हील हाताने फिरवून बघा: खरखर, किंवा दिशा बदलताना मधे मोकळी जागा जाणवली तर बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड गेले.

मग २०० लिटरचा निळा ड्रम, गोडं पाणी, पंखा (प्रोपेलर) काढून, न्यूट्रलमध्ये. पाणी कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या) वर हवं. कोरडं क्षणभरही सुरू करू देऊ नका, इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) जळतो. मशीनमधून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार जोरात येते म्हणून थंडावा चांगला, असं समजू नका. बऱ्याच मॉडेलांत ती धार पंपाचं काम दाखवते, हेडमधल्या मिठाचं नाही. हेडवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा (चमकत्या धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचं कमी तापमान दाखवतो) आणि दहा मिनिटांनी दोन्ही प्लगांजवळ मोजा. ५० ते ६५ अंश ठीक. ८० ओलांडलं तर बंद करा. एकच बाजू दहा अंशांनी जास्त गरम असेल तर त्या बाजूची पाण्याची वाट मिठाने बुजली आहे. ऐरोलीकडे ओहोटीत गाळ ओढला जातो, तेव्हा खाडीतली चाचणी भरतीलाच घ्या.

राहिलं गिअरचं तेल, पण ते मशीन सुरू करायच्या आधीच बघा. आधी वरचा स्क्रू नव्हे, खालचा जरा सैल करून दोन थेंब बघा. पाणी जड, ते तळाला असतं, म्हणून मशीन रात्रभर उभं असेल तरच हे खरं. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलंय, बहुधा पंख्याच्या शाफ्टचं सील गेलंय, स्वस्त काम. स्क्रूला चिकटलेली बारीक राखेसारखी धूळ चालते, कडा असलेले तुकडे नाहीत.

इंपेलर, डायफ्रॅम, गिअर सील, थर्मोस्टॅट ही कामं निघाली तर भाव पाडा आणि घ्या. इथेनॉलचं पेट्रोल असल्यामुळे रबरी पाइप तर तसेही बदलायचेच. बोअर घासलेला, खालचं सील गेलेलं किंवा हेडमध्ये पाणी शिरलेलं असेल तर पॉवरहेड (वरचं मुख्य इंजिन) खोलावंच लागेल. मग ते फक्त सुट्या भागांच्या भावात मिळालं तरच घ्या. चाचणीसाठी पेट्रोल तुम्ही स्वतःच न्या, टीसी-डब्ल्यू३ (आउटबोर्डसाठीचं टू-स्ट्रोक) तेल लिटरला २० मिली घालून. मालकाच्या टाकीत घट्ट मिश्रण असेल तर प्लगवर काहीच धड वाचता येणार नाही.