आत दुर्वाहक, वर सुवाहक

प्रश्न : टोपोलॉजिकल इन्सुलेटर आतून वीज वाहू देत नाही, पृष्ठभागावरून मात्र वाहू देतो. म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला धातूचा मुलामाच ना?

उत्तर : नाही. मुलामा खरवडला की वहन थांबते. इथे वरचा थर सोलून काढला, तर खालून उघडा पडलेला नवा पृष्ठभागही तसाच वीज वाहतो. पदार्थाच्या आत ऊर्जापट्ट्यांचा (इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांचा) क्रम उलटलेला असतो आणि हा क्रम जिथे संपतो, तिथे वाहक अवस्था तयार होतातच.

प्रश्न : आम्ही बिस्मथ सेलेनाइड या टोपोलॉजिकल इन्सुलेटरचे स्फटिक वाढवले. थंड करताना त्यांचा रोध वाढण्याऐवजी घटतच गेला. कुठे चुकले?

उत्तर : बहुधा सेलेनियम उडून गेले आहे. सेलेनियमचा एक अणू जागेवरून गेला की मागे दोन मोकळे इलेक्ट्रॉन राहतात आणि स्फटिकाचे अंतरंगच वाहक होते. हिशेब करून पाहा. आत दर घन सेंटीमीटरला १०^१९ इलेक्ट्रॉन असतील, तर ०.१ मिलिमीटर जाडीच्या तुकड्यात दर चौरस सेंटीमीटरमागे ते १०^१७ भरतात. पृष्ठभागावर असतात साधारण १०^१३. दहा हजारांत एक! मग मोजमापात पृष्ठभाग दिसणार कसा?

१० ग्रॅम बिस्मथ सेलेनाइडसाठी ६.३८ ग्रॅम बिस्मथ आणि ३.६२ ग्रॅम सेलेनियम लागते. सेलेनियम थोडे जास्तच घ्या. मिश्रण निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करून ८५० अंश सेल्सिअसवर दिवसभर ठेवा, मग तासाला २-३ अंशांनी ५५० पर्यंत उतरवा. सेलेनियम ६८५ अंशांनाच उकळते, त्यामुळे तापवताना घाई केली तर नळी फुटते आणि त्याची वाफ विषारी आहे.

एवढे करूनही काही जागा रिकाम्या राहतातच. म्हणून आमचा सल्ला बिस्मथ टेल्युराइड सेलेनाइडचा, म्हणजे दोन बिस्मथ, दोन टेल्युरियम, एक सेलेनियम. यात सेलेनियम पाच अणुस्तरांच्या मधोमध बसते, तिथून सहज निसटत नाही. २०१० मध्ये अशा स्फटिकांत १ ओम-सेंटीमीटरहून जास्त रोधकता मिळाली होती.

खात्रीसाठी जाडी बदलून पाहा. चार टोकांच्या पद्धतीने (दोन टोकांतून वीज सोडून उरलेल्या दोनांमधला विद्युतदाब मोजून), काही केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जवळच्या तापमानाला रोध मोजा. मग चिकटपट्टीने थर सोलून जाडी निम्मी करा, लांबी-रुंदी आणि टोकांमधले अंतर तेच ठेवा. रोध दुप्पट झाला तर वीज आतून वाहते आहे. जवळपास तेवढाच राहिला तर पृष्ठभागावरून. सोलल्यावर मोजणी लगेच करा, कारण हवेत पृष्ठभागाची अवस्था बदलत जाते.