वाहतूक धोरणाच्या संशोधनाला इंजिनिअरच हवा का?

प्रश्न : मी संख्याशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या सरकारी नियोजनात संशोधन करायचं आहे. इंजिनिअरिंग नसताना जमेल का? आधी कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

उत्तर : पूल, रूळ, स्थानकं यांच्या आराखड्याला सिव्हिलची पदवी लागते. कोणत्या मार्गावर किती गाड्या, किती भाडं, तोटा कोण भरणार, या प्रश्नांवर मात्र संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल शिकलेलेही काम करतात. पुढे वाहतूक नियोजन किंवा सार्वजनिक धोरण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्या. काही अभ्यासक्रम इंजिनिअर आणि आर्किटेक्टनाच घेतात, तेव्हा पात्रता आधी वाचा.

सॉफ्टवेअरची घाई नको. एक बसमार्ग कागदावर सोडवा. जाऊन-येऊन ८० मिनिटं आणि टोकांवरचा विसावा १० मिनिटं, म्हणजे फेरी ९० मिनिटांची. दर १० मिनिटांनी बस हवी तर ९ गाड्या लागतील. (विसाव्याला कात्री लावून कागदावर एक गाडी वाचवता येते, मग एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीत शिरतो.) कोंडीमुळे फेरी १०८ मिनिटांवर गेली, की त्याच ९ गाड्यांत बस १२ मिनिटांनी येते. स्वतंत्र बसमार्गिकेचा खरा हिशेब इथून सुरू होतो.

आता तुमचा विषय. नेमाने दर १० मिनिटांनी बस आली तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच गाड्या दोन-दोनच्या जोडीने दर २० मिनिटांनी आल्या तर १० मिनिटं. ‘तासाला ६ बस’ हा आकडा दोन्हीकडे तोच! प्रवाशाला व्हेरिअन्स, म्हणजे दोन बसमधल्या अंतराचा चढउतार, सोसावा लागतो, आणि अहवालात बहुधा सरासरीच छापली जाते.

मग प्रत्यक्ष मोजणी करा : दोन कामाचे दिवस, एक सुट्टीचा. प्रत्येक थांब्यावर चढलेले, उतरलेले आणि बस सुटल्याची वेळ लिहा. यातून सर्वाधिक गर्दी कोणत्या दोन थांब्यांदरम्यान होते ते निघतं. गाड्या त्या गर्दीवरून ठरतात. फेरीच्या शेवटी एकूण चढलेल्यांची आणि एकूण उतरलेल्यांची बेरीज जुळली नाही, तर आकडे ओढूनताणून बसवू नका, तफावत नोंदवा. बसमध्ये प्रश्नावली वाटलीत तर लांबचा प्रवासी ती भरतो, दोन थांब्यांनी उतरणारा भरत नाही. बस सोडून दुचाकी घेतलेला तर तिथे भेटणारच नाही. त्याला घरोघरच्या सर्वेक्षणातच गाठावं लागतं.

एवढं झालं की आकडेमोडीसाठी आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा, नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आणि जीटीएफएस हा वाहतुकीच्या वेळापत्रकांचा प्रमाणित डेटा-नमुना शिका. जीटीएफएसमध्ये वेळापत्रक साध्या मजकूर फाइलींत असतं. मध्यरात्रीनंतरची वेळ तिथे २५:१०:०० अशीही दिसते. ती चूक समजून ओळी गाळल्या की रात्रीच्या फेऱ्याच नाहीशा होतात.

प्रवासीसंख्येच्या अंदाजांकडे संशयाने बघा. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्ल्यूब्यर्ग आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या अभ्यासात रेल्वे प्रकल्पांची प्रत्यक्ष प्रवासीसंख्या अंदाजाच्या सरासरी निम्मीच भरली होती.

अर्जाला प्रमाणपत्रांच्या चळतीऐवजी या मार्गाचा आठ-दहा पानी अहवाल जोडा, कच्चे तक्ते परिशिष्टात द्या. शिफारशीचा खर्च कोण उचलणार, यावर एक परिच्छेद हवाच. नवख्यांच्या अहवालात तो सहसा नसतो.