हाशिमोटो थायरॉइडायटिस असताना रक्तातील आयजीई वाढलेले आढळले, तर दोहोंचा संबंध असतो का?

आपली बहीण सांगलीच्या हळदपेठेत काम करते, तिला हाशिमोटोचा आजार (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते) आहे, अंगावर वारंवार पित्त उठते आणि आयजीई वाढलेले आहे, असे आपण लिहिले आहे. संबंध असू शकतो, परंतु तो सरळ नाही. या आजारात थायरॉइडमधील टीपीओ या एन्झाइमविरुद्ध तयार होणारी अँटी-टीपीओ प्रतिपिंडे (अँटीबॉडी) मुख्यतः आयजीजी या प्रकारची असतात. आयजीई हा ॲलर्जीत व जंतांच्या संसर्गात वाढणारा प्रतिपिंडांचा निराळा प्रकार आहे. तथापि, सहा आठवड्यांहून अधिक काळ पित्त उठत राहणाऱ्या काही रुग्णांत खुद्द टीपीओविरुद्धचेच आयजीई सापडले आहे. ते त्वचेतील मास्ट पेशींना (ॲलर्जी घडवणाऱ्या पेशींना) चिकटून राहते आणि त्या पेशींतून हिस्टामिन हे खाज व सूज आणणारे रसायन बाहेर पडल्यामुळे गांधी उठत असाव्यात, असे मानले जाते. नेहमीच्या तपासणीत मात्र मोजले जाते ते एकूण आयजीई, आणि त्यावरून थायरॉइडविषयी काहीही ठरत नाही. धुळीची ॲलर्जी किंवा जंत हेही कारण असू शकते (आपल्याकडे जंतांचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे). थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या गोळीची, मात्रा टीएसएच ही रक्ततपासणी पाहून ठरते. आयजीई वाढले म्हणून ती गोळी स्वतःहून बदलू अथवा थांबवू नये.