शिक्का कोणाचा, मोर्तब कोणाचं?

या महिन्यातल्या पत्रांतली तीन निवडली आहेत. गावं वेगळी, वयं वेगळी, पण ‘खरं’ हा शब्द तिघांच्याही पत्रात आलाय. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते, ग्रामपंचायतींची दप्तरं तपासत फिरायचे. खरं-खोटं ओळखायची माझी सवय तिथली आहे, साहित्यातली नव्हे. तेवढं धरून वाचा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तालुक्यात सत्कार असो की निरोप समारंभ, सूत्रसंचालन माझ्याकडेच. वहीत तीनशेच्या वर चारोळ्या आहेत, सगळ्या स्वतःच्या. परवा एक मित्र म्हणाला, “ही कविता नव्हे, मंडपाचा माल आहे.” सध्या ऊसतोडीमुळे वर्ग निम्मा रिकामा असतो, वेळ भरपूर आहे, पण वही उघडवत नाही. खरी कविता ओळखायची कशी?

उत्तर : सर, मित्राचं एवढं मनाला लावून घेऊ नका. त्याला बहुधा कुणी सूत्रसंचालनाला बोलवत नसणार.

माझ्या सेवानिवृत्तीला सूत्रसंचालकानं मला ‘दीपस्तंभ’ म्हटलं होतं. आमच्या तालुक्यापासून समुद्र दोनशे किलोमीटरवर, मंडपातल्या निम्म्या लोकांनी दीपस्तंभ पाहिलेला नसेल. शिवाय तीच चारोळी मी आधीच्या वर्षी कृषी अधिकाऱ्यांच्या निरोपाला ऐकली होती, फक्त ‘साहेब’च्या जागी ‘मॅडम’ आलं होतं. तरी मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की कविता खरी, ही परीक्षा काही कामाची नाही.

माझी परीक्षा दप्तरातली आहे. नाव बदलून बघायचं. नाव बदलूनही मजकूर जसाच्या तसा चालला, तर तो छापील नमुना.

आता तुम्ही म्हणाल, जात्यावरच्या ओवीतही नावं बदलतातच की. बरोबर आहे. माझी आई पहाटे दळायला बसायची, एका हातात खुंटा, दुसऱ्या हातानं वैरण, आणि तिच्या मांडीवर माझं डोकं. ती म्हणायची त्या ओव्या शेजारच्या चार घरांतही चालायच्या, फक्त भावाचं नाव ज्या-त्या घरचं. पण आई माझ्या मामाचं नाव घालायची तेव्हा मामा तीन वर्षांत आलेला नव्हता, आणि ऐकायला होते मी नि जातं. कुणी दारात आलं की गप्प व्हायची. गावात गिरणी आली तशी ओवी थांबली. पुढे मी तिला म्हणून दाखव म्हटलं, तर म्हणाली, “जात्याबिगर येत नाही गं.” हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन अशा १ लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या, तेही म्हणणारीच्या नावागावासकट. त्या बायांना शाल-श्रीफळ कुणी दिलेलं नव्हतं.

तुमची चारोळी कुणाला तरी द्यायची असते, हे काही पाप नव्हे. पण पत्रात तुम्ही निम्म्या रिकाम्या वर्गाचं एक वाक्य लिहिलंय आणि लगेच ‘वेळ भरपूर आहे’ म्हणून पुढे गेलाय. तीनशेत त्या रिकाम्या बाकांवर एकही नाही का? कोण कुठल्या बाकावर बसायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. ती नावं बदलून बघा बरं.

प्रश्न : माहेर कोल्हापूर, सासर पुणे. मी “मी जातो, मी येतो” म्हणते, पाहुण्यांना “या की, बसा की” म्हणते. सासूबाईंना हे असभ्य वाटतं. त्या सगळ्यांशी ‘आपण’ आणि ‘कृपया’ लावून बोलतात. पण भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा, खिडकीत उपडा घातलेला असतो. खरं सभ्य कोण?

उत्तर : सासू-सुनेत लावून द्यायला मी बसलेली नाही, पण कपाचं तुम्ही बरोबर टिपलंय.

आपल्या भाषेत विठोबाला ‘तू’, आईला ‘तू’, आणि सासूला ‘अहो आई’. तेव्हा नुसत्या सर्वनामावरून माया मोजता येत नाही. ‘माफ करा’ हे शब्द लहानपणी मी दारातल्या भिकाऱ्याला परत पाठवतानाच ऐकले. ‘कृपया’ भेटला तो थेट एसटी स्टँडच्या पाटीवर. मग आपल्यात अदब नव्हती का? निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं. आपली सभ्यता क्रियापदात मुरलेली असते, वेगळी वरून पेरावी लागत नाही.

तुमच्या ‘जातो-येतो’त काही वाईट नाही, तुमच्याकडच्या बायकांची ती बोलीच आहे. मात्र ‘आमचं कोल्हापूरचं असंच’ म्हणत कुणाला लागेल असं बोलायचं आणि वर त्याला मोकळेपणा म्हणायचं, हेही मी पाहिलंय. तेवढं सांभाळा.

आणि उद्या दुपारचा चहा तुम्ही करा. मावशींना घरातल्या कपात द्या, स्वतःला खिडकीतला उपडा कप घ्या. भाषण नको. सासूबाईंनी विचारलंच तर सांगा, हाच हाताला लागला.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी महिला राखीव जागेवर सरपंच झाले. कार्यक्रमाला शाल मिळते, सगळे ‘ताई, ताई’ करतात. पण गावात कुणी “सरपंच” अशी हाक मारली की मिस्टर वळून बघतात. ऑफिसात तेच बसतात, डिजिटल सहीचं डोंगल त्यांच्याच खिशात. ते वाईट नाहीत. पण मागच्या ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये एक ठराव दिसला, जो सभेत निघालाच नव्हता. खाली सही माझी आहे. राजीनामा द्यावा असं वाटतं. (मला नीट लिहिता येत नाही. पत्र मुलीकडून लिहून घेतलंय.)

उत्तर : राजीनामा देऊ नका. दिलात तर तोसुद्धा तेच लिहून आणतील, तुम्ही खाली सही कराल.

२४ एप्रिल १९९३ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा मी नोकरीत नवी होते. तेव्हा बायकांना एक तृतीयांश जागा होत्या, २०११पासून आपल्याकडे निम्म्या झाल्या. सुरुवातीला तपासणीला गेलं की सरपंचबाई दाराशी, डोक्यावर पदर, आणि खुर्चीत कारभारी. मी रजिस्टरला ‘सरपंच उपस्थित’ असं लिहायचे. उपस्थित होत्याच ना! पुढे त्यांतल्या एकींना वसुलीची नोटीस आली, न बांधलेल्या गटाराची. त्या मला विचारत होत्या, “बाई, हे गटार कुठल्या आळीतलं?” नोटिशीवर कारभाऱ्यांचं नाव नव्हतं. माझा शेरा मात्र त्या दप्तरात अजून असेल.

निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकले. वर्गात शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या छायाप्रती वाचायला होत्या. पत्राचा मजकूर कारकुनाच्या हातचा असतो. मग पत्र अस्सल कशावरून? माथ्यावर मुद्रा असते, प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढणारी, शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा लोकांच्या भल्यासाठी शोभते, अशा अर्थाचा संस्कृत श्लोक. वडिलांची आणि आईची मुद्रा फारसीत होती, यांची संस्कृतात. राज्याचा शिक्का म्हणजे चक्क कविता! सरांना, वरच्या चारोळीवाल्यांना, हे आवडेल.

पण माझी नजर खिळली खालच्या छोट्या शिक्क्यावर. ‘मर्यादेयं विराजते.’ मजकूर संपतो तिथंच तो उमटवलेला. या मर्यादेचा अर्थ आमचे शिक्षक विनय, संयम असा लावायचे. तोही असेल. दप्तर तपासून डोळे गेलेल्या बाईला मात्र आधी दिसलं ते हे, की याखाली कुणालाही एक ओळ घुसडता येणार नाही. वर शिक्का, खाली मोर्तब. आपण शिक्कामोर्तब म्हणतो ते हेच.

आता तुमचं प्रोसिडिंग बुक डोळ्यांसमोर आणा. शेवटचा विषय ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’, त्याखाली अर्धं पान कोरं, आणि तळाला तुमची सही. ठराव त्या अर्ध्या पानात शिरतो, सूचक-अनुमोदकासकट, ‘सर्वानुमते मंजूर’. आणि अध्यक्ष कोण? तुम्ही. परवानगी तुमचीच लिहिलेली असते.

तेव्हा सही करण्याआधी ग्रामसेवक भाऊसाहेबांना सगळं मोठ्यानं वाचायला लावा. वाचता कमी येतं म्हणून लाजू नका, ऐकू येतं ना? सही शेवटच्या ओळीला खेटून करा आणि उरलेल्या पानावर तिरकी रेघ मारा. जो ठराव घुसलाय त्याचं पान फाडू नका, खाडाखोडही नको. पुढच्या सभेचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो. लोक तेव्हा चहाची वाट बघत असतात. तुम्ही तिथंच म्हणा, हा ठराव सभेत झालेला नाही, माझी हरकत लिहून घ्या. लिहीपर्यंत पुढचा विषय घेऊ देऊ नका. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, ती कागदावर उरकू न देता खरोखर भरवा. हरकतीच्या वेळी मागे चाळीस बायका बसलेल्या असल्या की आवाज आपोआप निघतो.

डोंगलचं घरात बोला, चावडीवर नको. मिस्टर वाईट नाहीत म्हणताय, मग सोपं आहे. त्यांना त्या गटाराची गोष्ट सांगा. म्हणावं, पैसे सुटतात ते माझ्या सहीनं, नोटीस येईल ती माझ्या नावानं, तर हे माझ्या डब्यात राहू दे. आठ दिवस अबोला होईल. होऊ द्या. ऑफिसात जाताना ते सोबत आले तरी हरकत नाही, पण खुर्ची एकच आहे हे ध्यानात असू द्या.

लिहिता येत नाही याची खंत नको, मोडी पत्रांचं वर सांगितलंच आहे. तुमचं पत्र मी पुन्हा काढून बघितलं. अक्षर मुलीचं, गोल, शाळेतलं. सही तुमची, थोडी वाकडी, आणि शेवटच्या ओळीला अगदी चिकटून.