पैसा वर्षातून एकदाच हाती येतो, मग महिन्याचं बजेट कसं बसवायचं?

आमच्याकडेही हेच होतं. सोयाबीनचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, दिवाळीच्या तोंडावर यायचा अन् पोळ्यापासूनच्या उधारीतच संपायचा. आता पैसा आला की आधी पुढच्या खरिपाचं बियाणं-खत बाजूला; त्याची सात महिन्यांची एफडी, म्हणजे मृगाआधी मोकळी होते. उरलेल्याचे सरळ बारा भाग. खर्चाची वही मुलगी लिहिते. तिनंच दाखवलं, माझ्या बाबांचा खर्रा (तंबाखू-सुपारी) रोज 30 रुपयांचा, म्हणजे महिन्याला 900! बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण आता दिवसाला एकाच खर्र्यावर आलेत.

पीककर्ज मात्र मुदतीतच भरा. 3 लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर आपल्या महाराष्ट्रात व्याज शून्य पडतं. अडीनडीला बायकोचा बचत गट आहे. सावकाराच्या ओट्यावर जायचं काम नाही.