'नातेवाईक' या रकान्यात सही करू नका

बेघर निवाऱ्यात काळजीवाहक म्हणून रात्री एकटेच असता, तीन महिन्यांचा पगार थकलाय, सारखी चिडचिड होते, आणि परवा धाप लागलेल्या आजोबांना सरकारी रुग्णालयात नेलं तर 'नातेवाईक कोण?' म्हणत तुमचीच सही घेतली, असं लिहिलंय तुम्ही. माझी नजर त्या सहीवरच अडकली. महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात मी बरीच वर्षं व्यवस्थापक होते. आमचा सगळ्यात जीव लावणारा काळजीवाहक अशाच एका सहीपायी काम सोडून गेला.

त्याने दाखल केलेले एक बेघर बाबा वारले. केसपेपरवर नातेवाईक म्हणून याचं नाव. मग जबाबाला बोलावणं, मग 'बॉडी ताब्यात घ्या' म्हणून फोन, मग अंत्यविधी कुणी करायचा यावरून टोलवाटोलवी. रात्रपाळी उरकून पोरगा दिवसभर बाकड्यावर बसायचा. खिडकीवर एकच उत्तर, "सही तुमचीच आहे ना?" रस्त्यावरून माणूस उचलून आणणाऱ्याशी ही बोलायची पद्धत? मला अजून संताप येतो.

तेव्हा 'नातेवाईक' खोडून 'निवारा केंद्र कर्मचारी, रुग्णास आणले' असं स्पष्ट लिहा, केंद्राचा शिक्का मारा, केसपेपरचा फोटो काढा आणि त्याच रात्री नोंदवहीत वेळेसकट नोंद करा. 108 ची गाडी आली असेल तर तेही लिहा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, सकाळी आधी त्यांना गाठा. मी वकील नाही, निवारा चालवणाऱ्या संस्थेशी बोलूनच काय ते ठरवा. पण संस्था 'करून टाका सही' म्हणाली तर ते लेखी मागा.

मनोरुग्ण रस्त्यावर भटकताना दिसला आणि पोलीस म्हणाले 'तुम्हीच न्या', तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 100 दाखवा. अशा माणसाला ताब्यात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोचवणं हे पोलिसांचं काम आहे. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही त्यांच्याकडेच.

पगाराचं म्हणाल तर पालिकेचं बिल अडकलं की संस्था हात वर करते, हे सगळीकडे सारखंच. तरी दर महिन्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि ते 'ही सेवा आहे' ऐकून गप्प बसू नका, ही नोकरी आहे. निवारा चोवीस तास उघडा, काळजीवाहक तीन, म्हणजे आठवड्याच्या एकवीस पाळ्या. प्रत्येकाच्या वाट्याला सात येतात, मग साप्ताहिक सुट्टी कुठून काढणार? एक जण आजारी पडला की उरलेल्या दोघांना बारा-बारा तास. चौथा माणूस मिळेपर्यंत तुमची चिडचिड हा तुमचा दोष नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाता जाता, खोकला दोन आठवड्यांवर गेलेल्या प्रत्येकाची थुंकी क्षयरोगासाठी तपासून घ्या. तुम्ही त्याच हॉलमध्ये झोपता, म्हणून स्वतःचीही.

आजोबा अजून दाखल आहेत का? असतील तर आजच जाऊन तो रकाना दुरुस्त करून घ्या. नकार दिला तर रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या, मसुदा मी लिहून देते.