सायकल एकच, वाटा दोन

प्रश्न : ताई, मी विक्रोळीला राहतो. वय 41, उंची 5 फूट 8 इंच, वजन 78 किलो. महिन्यातले दोन रविवार पहाटे निघून ऐरोली, पनवेलमार्गे खोपोली गाठतो आणि परत येतो; सव्वाशेच्या वर किलोमीटर होतात. उरलेले रविवार मित्रांबरोबर कर्जतच्या बाजूला, दगडगोट्यांच्या उतारावर. इतके दिवस उसन्या सायकलवर भागवलं, आता माउंटन बाइकसाठी दीड लाख साठवलेत. घर वन बीएचके, दुसऱ्या सायकलला जागा नाही. एक मित्र म्हणतो दोन्ही चाकांना 150 मिलिमीटर दबणारे शॉक असलेली फुल सस्पेन्शन घे, दुसरा म्हणतो फक्त पुढे शॉक असलेली हार्डटेल पुरे. हल्ली कंबरही धरते. काय घेऊ?

उत्तर : हार्डटेल घ्या. 29 इंची चाकं, पुढे 120 किंवा 130 मिलिमीटरचा हवेचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा, हवेवर दबणारा चिमटा.

तुमचे रविवार मोजून पाहिले. खोपोलीच्या दिवशी तुम्ही सहा-सात तास सीटवर असता. कर्जतला खरा उतार फार तर पाऊण तासाचा. बाकी वेळ चढण्यात आणि सायकल ढकलण्यात जातो. 150 मिलिमीटरची सायकल त्या पाऊण तासात राजेशाही वाटेल, पण जुन्या हायवेवर तिचं वजन आणि पॅडलबरोबर होणारं हेलकावणं तुम्हाला सोसावं लागेल. शिवाय दीड लाखात नवी फुल सस्पेन्शन घेतली, तर कंपनीने ब्रेकमध्ये, शॉकमध्ये, कुठे ना कुठे हात आखडता घेतलेला असणार. तेवढ्याच पैशात हार्डटेलचा प्रत्येक भाग चांगला मिळतो. मागचा शॉक आणि सांध्यांची बेअरिंग्ज नसल्यामुळे आपल्या पावसाळ्यात देखभालही कमी.

मात्र हार्डटेलमध्येही दोन जाती आहेत. 100 मिलिमीटरचा फोर्क आणि 68-69 अंशांचा हेड अँगल (फोर्क धरणाऱ्या नळीचा जमिनीशी होणारा कोन) असलेली सायकल रस्त्यावर झकास पळते, पण तीव्र उतारावर पुढचं चाक अंगाखाली आल्यासारखं वाटतं आणि माणूस घाबरून मागे सरकतो. तुम्हाला 65-66 अंशांची हवी. सीटच्या नळीचा असाच अँगल 75च्या आसपास असला म्हणजे चढावर वजन पुढे राहतं आणि पुढचं चाक उचलत नाही. हे आकडे कंपनीच्या तक्त्यात असतात. दुकानदाराला ते दाखवायला सांगा, संकोच करू नका.

कंबरेचं आधी डॉक्टरांना दाखवा. माझा अनुभव एवढाच, की मुलुंडहून येऊरला जाऊन आले की माझी पाठ दोन दिवस दुखायची आणि मी सस्पेन्शनला दोष देत होते. दोष मापाचा होता. दुकानात मीडियम शिल्लक नव्हती म्हणून मला लार्ज गळ्यात मारली होती. हँडल गाठायला मी प्रत्येक वेळी ताणली जात होते. मीडियम घेतल्यावर दुखणं गेलं. तुमच्या उंचीला बहुतेक मीडियमच बसेल, तरी अर्धा तास चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता ब्रेक. इथे मी हट्टी आहे. 1976 साली कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींची शर्यत सुरू केली. पॅडल उलटं दाबून लागणारे ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. माउंटन बाइकच्या जन्मकथेतच तापलेले ब्रेक आहेत, आणि तरी आपण आधी गिअर मोजतो! तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेतच. पुढे चार पिस्टनचा ब्रेक आणि निदान 180 मिलिमीटरची डिस्क. डिस्कला घासून चाक थांबवणाऱ्या पॅडकडेही लक्ष द्या. पावसात लाल माती आणि वाळू मिळून रेझिनचे पॅड कानशीने घासल्यासारखे झिजवतात. माझे नवे पॅड जुलैमधल्या एकाच दिवसात संपले होते आणि शेवटचा उतार मी सायकल हातात धरून उतरले. मेटलचे पॅड टिकतात, पण स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं. ती डिस्क असेल तर आधी बदलून घ्या.

टायर 2.4 इंची, ट्यूबलेस. पुढे खोल नक्षीचा, मागे जरा सपाट, भरभर घरंगळणारा. दोन वेगळ्या वाटांसाठी दुसरी सायकल नको, हवेचा छोटा गेज खिशात असू द्या. तुमच्या वजनाला खोपोलीच्या दिवशी हवेचा दाब 35 पीएसआय ठेवा. कर्जतला उतार सुरू होण्याआधी पुढे 22, मागे 26 वर आणा. मागे याहून कमी नको, दगडावर रिम वाजेल. आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, आपल्या उन्हाळ्यात सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा.

ड्रॉपर पोस्टला पैसे पुरले तर आधी तो घ्या, कार्बनचं हँडल वगैरे नंतर. उताराला बोटाने कळ दाबून सीट खाली गेली की अंग मोकळं होतं, आणि सव्वाशे किलोमीटरला तीच सीट पुन्हा पूर्ण उंचीवर. एका सायकलकडून दोन कामं करून घ्यायची तर याच्याइतका उपयोगी भाग दुसरा नाही.

गिअर पुढे 32 दात, मागे 11 ते 50. सपाट रस्त्यावर मित्रांच्या रोड बाइक पुढे निघून जातील, जाऊ द्या. उद्या खोपोलीच्या पुढे शिंग्रोबाच्या देवळाचा चढ चढावासा वाटला, तर हाच 50 दातांचा गिअर कामाला येईल.

दीड लाखातले दहा-बारा हजार बाजूला ठेवा : हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, हातमोजे आणि पॅडल. या किमतीच्या बऱ्याच सायकली पॅडलशिवाय येतात. दुकानात जाताना उसन्या सायकलची पॅडल पिशवीत टाकून न्या, म्हणजे तो अर्धा तास तिथेच चालवून बघता येईल.